नळीवरचा सालीचा लेप

४ मार्च, सोमवार

तीन दिवस झाले, नर्सबाईंचा पत्ता नाही. मुलाची नळी तुंबलीय, पिशवीत वाटीभरसुद्धा लघवी नाही, पोट नगाऱ्यासारखं टम्म, आणि फोन केला की तिकडून एक बाई गोड आवाजात सांगते, आपला नंबर अकरावा आहे. अकरावा! मुतायलासुद्धा रांग लावायची वेळ आली.

ही वही नर्सबाईंनीच दिली. म्हणाल्या, आजी, रोज लिहायचं. लघवी किती, ताप किती, नळी कधी बदलली. मी चौथीपर्यंत शिकले, तीही अर्धीच, पण एवढं येतं. पानं बरीच कोरी राहतात म्हणून बाकीचंही लिहिते. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, चुका काढू नयेत.

बदली नर्स आली तर तिला कळावं म्हणून सांगते. पलंगावर आहे तो माझा मुलगा, वय बावन्न. उंच इमारतींना काचा बसवायचा. चार वर्षांपूर्वी परांची निसटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून लघवीला नळी. सून, पोर दुसरीत असतानाच वारली, त्यामुळे नात माझ्या हाताखाली वाढली. ती आता लॅबमध्ये प्लास्टिकवर काम करते. घरात माणसं तीन. त्यातलं शिकलेलं एक, चालतं-फिरतं दीड. अर्धी मी.

संध्याकाळी नात आली, तिनं हात धुतले आणि मिठाच्या पाण्याची पिचकारी नळीतून मारली. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा सुटली. मुलगा म्हणाला, "आई, आज मला कळलं, तुंबल्यावर मोरीला कसं वाटत असेल ते."

ताप सकाळी १००, संध्याकाळी १०२.

५ मार्च, मंगळवार

नर्सबाई उगवल्या. त्यांच्याकडे तीस घरं आणि त्या एकट्या, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मग उरलेल्या एकोणतीस घरांनी पुण्य काय केलं होतं? त्यांनी हातमोजे चढवले आणि नळी बदलली. बाई हाताला हलकी आहे, हे मान्य.

जुनी नळी आतून पांढऱ्या बुळबुळीत थरानं भरलेली, टोकाला बारीक खडे. नातीनं हातमोजे घालून ती खिडकीपाशी उजेडात धरली. दुसऱ्या मुली दागिना बघतात तशी बघत राहिली.

"बघ आजी. जंतू सुटेसुटे राहत नाहीत. आधी एक येऊन चिकटतो. मग तो गोतावळा जमवतो. मग सगळे मिळून डोक्यावर छप्पर घालतात. औषध त्या छपराच्या आत पोचतच नाही. म्हणून बाबांचा ताप उतरतो आणि परत चढतो."

"म्हणजे भाडेकरू."

"कधीच न निघणारे."

"मग पहिल्यालाच बसू देऊ नका."

"तेच तर माझं काम आहे गं!"

तीन वर्षं हेच चाललंय तिचं. नळीच्या प्लास्टिकवर झाडापाल्यातल्या कशाचा तरी लेप द्यायचा, म्हणजे तो पहिला जंतू घसरून पडेल आणि आतल्या माणसालाही बाधणार नाही. शेवाळ्याचा डिंक झाला, कोळंबीच्या कवचाची पूड झाली. प्लास्टिक कशालाच धरत नाही, दोन दिवसांत सगळं धुऊन जातं.

मी म्हटलं, "डाळिंबाची साल लाव."

मी वीस वर्षं रंगखान्यात सूत रंगवलंय. सालीचा काढा सांडला की लाकडाच्या दांड्या, आमची नखं, प्लास्टिकचे टब, सगळं पिवळं. एका टबाचा डाग मी राखेनं घासला, साबणानं घासला, विटेच्या तुकड्यानं घासला. टब झिजला, डाग तस्साच. आणि त्या टबात आठ दिवस पाणी राहिलं तरी बुळबुळ धरायची नाही.

नात हातमोजा अर्धा काढून थांबली. "आजी, हे तीन वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? मला तू 'जेवलीस का' एवढंच विचारतेस."

ताप ९९.

९ मार्च, शनिवार

नातीनं चार दिवस पुस्तकं चाळली. सालीत जे तुरट असतं ना, जिभेला जे आवळतं, ते कशालाही चिकटतं म्हणे. प्लास्टिकलासुद्धा. हे पुस्तकात आहे म्हणून आता खरं. मी सांगितलं तेव्हा नुसतं ऐकण्यासारखं होतं.

लॅबमधल्या शेगडीला तीन आठवड्यांची रांग आहे. इथंही रांग! म्हणून काढा घरी करायचा ठरला. कोपऱ्यावरच्या रसवाल्यानं दोन पोती साली दिल्या, वर आभार मानले, त्याला त्या फेकायला लांब जावं लागतं. मी गच्चीत वाळवल्या. नातीनं नवं स्टीलचं पातेलं आणलं, काटा आणला, उष्णता मोजायची कांडी आणली आणि एक कागद भिंतीला चिकटवला. इतकी साल, इतकं पाणी, दोन तास, उकळी फुटू द्यायची नाही. मग ती गेली कामाला.

स्टीलचं पातेलं मी उलटसुलट करून बघितलं. बूड पातळ. आणि मुख्य म्हणजे स्टीलमध्ये साल शिजवली की रंग मेल्यासारखा येतो, दोन धुण्यांत जातो. आमचा थोरला रंगारी म्हणायचा, साल बसते ती तांब्यातच. माझं रंगाचं भांडं माळ्यावर होतं, ते उतरवलं. खायच्या भांड्याला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट कळकतं. रंगाच्या भांड्याला कल्हई करायचीच नाही, तांबं उघडं पाहिजे. लिंबू-मीठ लावून लख्ख घासलं. साल, पाणी, वेळ, कांडी, सगळं कागदाबरहुकूम. भांडं तेवढं माझं.

काढा सुरेख उतरला. गडद, जरा हिरवट झाक. सहा बाटल्या भरल्या. स्टीलचं पातेलं दुधाला बरं आहे.

नातीला भांड्याचं सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? पाणी ओलं असतं हेही सांगायचं का?

लघवी चांगली. ताप नाही.

१९ मार्च, मंगळवार

नात जिना चढून आली ती दार न वाजवता. तिच्याकडे किल्ली आहे हेही विसरली, पायानं दार ढकलत होती. तिनं नळीचे तुकडे काढ्यात बुडवून, वाळवून, जंतूंच्या ताटलीत ठेवले होते. साध्या तुकड्यावर जंतूंचे ठिपके इतके की मोजता येईनात. सालीच्या तुकड्यावर एकही नाही. एकही नाही, असं तिनं पाचदा सांगितलं. पहिल्यांदाच कळलं होतं मला.

त्यांच्या मोठ्या बाई, म्हणजे लॅब ज्यांच्या हाताखाली आहे त्या, एरवी कुणाचं चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी ताटलीचा फोटो काढून घेतला. म्हणाल्या, ह्यात धातू नाही, औषध नाही, नुसती साल आहे, हीच ह्यातली गंमत. हे असंच येत राहिलं तर वर्षभरात हॉस्पिटलमधल्या दहा माणसांना अशी नळी घालून बघू. नातीनं विचारलं, माझ्या बाबांना? त्या म्हणाल्या, पहिलं नाव त्यांचं.

मुलगा म्हणाला, "वर्षभर थांबतो की. मला कुठं जायचंय?"

मग भिंतीकडे तोंड केलं त्यानं. झोप आली असेल.

जेवण झाल्यावर नात लॅबची वही काढून बसली. तिच्या वहीत रेघ न् रेघ भरलेली, माझ्यासारखं नाही. मी विचारलं, "माझं नाव घातलंस का काढ्याला?"

"आजी, तिथं स्वयंपाकघर लिहिता येत नाही गं. लॅबमध्ये केला, स्टीलच्या भांड्यात, असं लिहिलंय. काढा तोच, काय फरक पडतो?"

म्हणजे राबायचं आपण आणि नाव शेगडीचं. बरं.

३० मार्च, शनिवार

आतापर्यंत चार वेळा काढा केला. चारही वेळा जंतू शून्य. मोठ्या बाईंनी बाहेरगावी कुठंतरी लेख पाठवलाय, त्यात नातीचं नाव पहिलं. इकडे मात्र मुलाच्या नळीत परत थर. काल थंडी वाजून आली. पांघरूण घालताना दात वाजत होते आणि म्हणतो, "काही नाही आई, जरा गार वाटतंय. तिला फोन करू नको, तिची महत्त्वाची मीटिंग आहे."

मी फोन केला नाही. ताप १०३.

औषध दिलं, पट्ट्या ठेवल्या. शेजारच्या खोलीत लेप दिलेले नळीचे तुकडे बरणीत पडलेत, त्यांच्यावर जंतू बसत नाही. इथं पलंगावर माणूस तापानं फणफणतोय, आणि ती नळी त्याला घालता येत नाही. रात्री नात आल्यावर मी तिला म्हटलं, एक नळी काढ्यात बुडव आणि घाल की. कोण बघतंय? तर म्हणते, "आजी, ताटलीतलं आणि माणसातलं सारखं नसतं. त्यांना काही झालं तर?"

आता काय होतंय मग?

६ एप्रिल, शनिवार

लॅबमध्ये भलं मोठं भांडं आलंय, स्टीलचं, विजेवरचं. आता काढा तिथंच होणार. मोठ्या बाईंनी एकदम पन्नास नळ्या करायला सांगितल्यात. साली रसवाला थेट तिकडे पोचवणार.

नात म्हणाली, "आजी, तुझी सुटका झाली."

सुटका कैद्याची होते. मी काय कैदेत होते? भांडं पुसून माळ्यावर ठेवलं. हात रिकामे झाले की गुडघे दुखायला लागतात, हे डॉक्टरला कळत नाही.

ताप नाही. नळी बदलली.

१५ एप्रिल, सोमवार

पन्नास नळ्या वाया. लॅबमधल्या काढ्यावर जंतू असे वाढले की जसं काही झालंच नाही. परत केला, परत तेच. नात दोन दिवस जेवताना घास मोजून खातेय. विचारलं तर म्हणते, काही नाही. ह्या घरात "काही नाही" हा आजार बापाकडून लेकीला लागलाय.

मला खात्री होती, साली खराब. गेले रसवाल्याकडे.

"डाळिंबं बदललीस तू."

"आजी, डाळिंब ते डाळिंब."

"शिळ्या साली दिल्यास."

"साल ती साल! तुम्ही एवढं करता काय सालीचं?"

"तुझं तोंड बंद करायचा लेप."

चार गिऱ्हाईकं उभी होती, ती हसली. तो बिचारा शपथा घ्यायला लागला, म्हणाला, तोच मळा, तोच माणूस, तीच पेटी. मी ऐकून घेतलं नाही. घरी येऊन वाटलं की जरा जास्तच बोलले. पण बोललेलं परत गिळता येत नाही, दात आहेत कुठं?

२० एप्रिल, शनिवार

नातीनं सकाळी साली आणून माझ्यापुढे ठेवल्या. लॅबसाठी आणलेल्यातल्याच.

"आजी, परत एकदा घरी कर."

"कागदाबरहुकूम?"

"मागे केलास तस्साच. काडीचाही बदल करू नको."

नाही केला. भांडं उतरवलं, लिंबू-मिठानं घासलं, दोन तास कांडी धरून उभी राहिले. मुलगा पलंगावरून म्हणाला, "आई, एवढी उभी तू माझ्या लग्नात राहिली नव्हतीस." म्हटलं, तेव्हा स्वयंपाकी ठेवले होते.

ताप ९९. लघवी जरा गढूळ.

२६ एप्रिल, शुक्रवार

माझ्या बाटलीवर जंतू शून्य.

मला वाटलं, पोर नाचेल. तर ती येऊन पायरीवरच बसली, चपला पायात तशाच. मी म्हटलं, आनंदाची ही कुठली तऱ्हा?

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं तिला. "तुझ्या बाटलीतला काढा चालतो, आमचा चालत नाही. साली त्याच. तू बाटलीत काय घालतेस?"

"मी काहीच घालत नाही, आजी."

"मग तसं सांगायचं तोंडावर."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, वह्या ठेवून जा. माझ्या तीन वर्षांच्या वह्या, आजी. कपाटात घालून कुलूप लावलं."

खोटारडी म्हणाल्या नाहीत. म्हणायचं काय बाकी ठेवलं? हिनं लहानपणी एकदा दुकानातून गोळी आणली होती न विचारता, तेव्हा मी हिला परत नेऊन दुकानदारासमोर उभी केली होती. ही पोर बाटलीत काही घालणार नाही. पण त्या बाईंना हे कुणी सांगायचं, आणि त्या कशाला ऐकतील? मी कोण? साल वाळवणारी.

३० एप्रिल, मंगळवार

सकाळी मुलाला १०४. डोळे उघडे पण ओळख नाही. मला 'बाई, पाणी द्या' म्हणाला. नातीनं गाडी बोलावली. हॉस्पिटलमध्ये घेऊन गेल्या-गेल्या डॉक्टरनं विचारलं, ताप कधीपासून, नळी कधी बदलली, कुणी काही लिहून ठेवलंय का? मी पिशवीतून ही वही काढून दिली. नर्सबाईंची कृपा.

नात उभ्या-उभ्या डॉक्टरला वाचून दाखवायला लागली. "पाच मार्च, नळी बदलली. नऊ मार्च, ताप नाही..." आणि थांबली. डॉक्टर म्हणाला, पुढे? ती पुढे वाचेना. ओठ हलत होते, आवाज नाही. डॉक्टरनं वही तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच पानं उलटली.

तो आत गेल्यावर तिनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"आजी, कुठल्या भांड्यात काढा केलास?"

"रंगाच्या."

"तांब्याच्या? दर वेळी?"

"सालीला तांबंच लागतं. तुझं ते स्टीलचं..."

"मी स्टीलचं आणून दिलं होतं ना गं!"

"दूध चांगलं तापतं त्यात."

ती हसली. असलं हसू मला नको होतं. मग सावकाश सांगितलं तिनं, लहान मुलाला सांगतात तसं. काढा तुरट, आंबूस. तो उघड्या तांब्याला खातो, तांबं काढ्यात उतरतं, काढ्यातून नळीवर. आणि तांब्यावर जंतू जगत नाहीत. जंतू मारले ते तांब्यानं. साल नुसती चिकटून बसली.

मी म्हटलं, "मग बरंच झालं की! तांबं घालूनच करा. दोघं मिळून काम करतायत."

"आजी, माणसाच्या आत किती तांबं सुटेल, कुठं जाईल, कुणी बघितलंय? आम्ही लिहून पाठवलंय की ह्यात धातू नाही. नुसती साल."

"तुला ठाऊक नव्हतं तर ते खोटं कसं?"

"ते खोटं नाही. पण लॅबमध्ये केला, स्टीलमध्ये केला, हे मी लिहिलं. ते मला ठाऊक होतं."

समोरून एक माणूस चाकाची खुर्ची ढकलत नेत होता, चाक करकरत होतं. आम्ही दोघी ते चाक बघत बसलो. मला जे येतं त्यातलं इथं काहीच चालत नव्हतं. मला घासता येतं, शिजवता येतं, भांडता येतं. कुणाशी भांडू? तांब्याशी?

मुलाला शिरेतून औषध लावलंय. दुपारी मला 'आई' म्हणाला.

वही नातीनं परत दिली. आता ती वाचते, हे मला ठाऊक आहे. वाचू दे.

३ मे, शुक्रवार

भांडं कापडी पिशवीत घातलं आणि लॅबला गेले. नातीला सांगितलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, कोणाला भेटायचंय, काय काम? मी म्हटलं, मोठ्या बाईंना भेटायचंय, भांड्याबद्दल. तो म्हणाला, आजी, इथं भांडी विकत घेत नाहीत. दीड तास बाकावर बसवलं.

मोठ्या बाई वयानं काही मोठ्या नाहीत, पन्नाशीच्या असतील. मी राक्षसीण समजून गेले होते, तर निघाली बाईच. पाणी दिलं, खुर्ची स्वतः ओढून दिली. मी सगळं सांगितलं. रंगखाना, थोरला रंगारी, कल्हई, लिंबू, मीठ. त्यांनी भांड्यात बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून बघितलं, माझी नात बघते तसंच.

"पोरीनं काही घातलं नाही," मी म्हटलं. "जे केलं ते मी केलं. मला काय शिक्षा करायची ती करा."

"आजी, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही तुमच्या विद्येप्रमाणे केलंत. भांडं कुणाचंही चुकू शकतं."

"मग झालं तर."

"नाही झालं. तिच्या वहीत खरी जागा लिहिलेली असती तर मी दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं, घरी कशात केला? लेख जाण्याआधी कळलं असतं. तीन आठवडे आम्ही आंधळ्यासारखे शोधत होतो. ही नळी माणसात घालायची होती आजी. तुमच्याच मुलात."

मी पदरानं भांड्याची कड पुसली.

लेख त्यांनी परत मागवलाय. दहा माणसांची नळी रद्द. तांब्याचं धरून नव्यानं सुरू केलं तरी आणखी काही वर्षं, म्हणाल्या. नातीचं काय, तर तिघांची समिती ठरवेल. मी विचारलं, त्या तिघांत तुम्ही आहात का? म्हणाल्या, नाही, मला बसता येत नाही, ती माझ्या हाताखालची.

भांडं तपासायला ठेवून घेतलं. पावती दिली त्याची. रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

८ मे, बुधवार

मुलगा घरी आला. गालफडं बसलीत. नळी नवी, साधीच. नर्सबाई म्हणाल्या, आजी, रोज भरपूर पाणी पाजा. चार वर्षं पाजतेय. एकवीस दिवसांनी पांढरा थर येणार, हे आता मला कॅलेंडर न बघता कळतं.

समितीचं पत्र आलंय नातीला. पाच प्रश्न, प्रत्येकाखाली रेघा, सोमवारपर्यंत लेखी उत्तर. न दिलं किंवा पटलं नाही तर नाव लॅबच्या पटावरून काढणार, आणि कशासाठी काढलं ते कागदावर राहणार. मग दुसरी कुठलीही लॅब तिला दारात उभी करणार नाही.

नातीनं मुलासमोर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "माझ्या नळीपायी एवढं करायला कुणी सांगितलं होतं गं तुला?"

"तुम्हीच नाही सांगितलंत बाबा. थंडी वाजली तरी सांगत नाही तुम्ही."

मुलानं पांघरूण वर ओढलं. ३० मार्चचं पान तिनं वाचलंय तर.

१२ मे, रविवार

ताप नाही. लघवी स्वच्छ.

नात सकाळी आंघोळीला गेली तेव्हा टेबलावर तिचं उत्तर पडलं होतं. मी वाचलं. ती माझी वही वाचते, मी तिचा कागद वाचला, फिट्टंफाट.

तिनं काय लिहिलंय? तिसरा प्रश्न, काढा कोणी, कुठे, कशात केला? त्याखाली, 'मी स्वतः घरी केला, तांब्याचं भांडं मीच नजरचुकीने वापरलं, घरातल्या कोणाचाही संबंध नाही.' आणि चौथा प्रश्न, वहीत चुकीची नोंद का केली? त्याखाली, 'वडिलांच्या आजारपणामुळे मनःस्थिती ठीक नव्हती.'

पोरी, तू हे पान वाचशीलच, म्हणून इथंच लिहिते. समोरासमोर बोलले तर तू रडशील, आणि मला ते जमत नाही.

एका खोट्यापायी एवढं रामायण झालं आणि तू उपाय काढलास तो दुसऱ्या खोट्याचा. मला वाचवायला निघालीस? माझं ते काय काढून घेणार आहेत? ह्या वयात पटावर माझं नावच नाही, तर खोडणार काय? आणि नजरचुकीनं म्हणे! मी वीस वर्षांच्या कामाच्या जोरावर ते भांडं उतरवलं होतं. चूक झाली असेल, पण नजरेची नव्हती. माझी चूक मला माझ्या नावानं पाहिजे.

आणि बाबाला मध्ये आणायचं नाही. तो तापात होता तेव्हा तू शुद्धीत होतीस. पेन तुझ्या हातात होतं. तो आधीच सगळ्यांना ओझं झालोय समजतो, आता हे पत्र त्याच्या उशाखाली ठेवायचं का?

तुला ठेवतील की काढतील, मला माहीत नाही. खरं लिहिल्यानं ठेवतातच, असं मी सांगणार नाही, तेवढी म्हातारी झालेय मी. बहुतेक काढतील.

पण उत्तरं अशी जातील. दुसरा कागद घे. पहिला, दुसरा आणि पाचवा तुमच्या लॅबचा आहे, ते तू आणि मोठ्या बाई बघा. तिसरा मी लिहिणार, माझ्या अक्षरात, चुका असतील तशा, खाली सही माझी. पुढे काही विचारायचं असेल तर त्या तिघांनी इथं यावं, नाहीतर मला बोलवावं, बाकावर बसायची मला सवय झालीय. तिसऱ्याबद्दल तुला विचारलं तर तू तोंड उघडायचं नाही.

चौथा तुझा. तिथं आजी नाही, बाबा नाही, ताप नाही. दार लावून बस, आणि तो तू एकटीनं लिही.